विद्यापीठ एक, कॉलेजं अनेक!

दोस्तांनो, बारावीचा निकाल लागला की सगळ्यांना वाटतं, सुटलो! पण खरी गंमत पुढंच असते. पेढे वाटून होतात, शेजारचे काका पाठीवर थाप मारतात आणि मग विचारतात, "मग, कॉलेज कोणतं?" झालं! त्या एका प्रश्नानं घरातलं वातावरण तापतं. आई एक सांगते, दादा दुसरंच सांगतो, मैत्रिणी तिसऱ्याच फाटकापाशी रांग लावून उभ्या असतात. आणि तुम्ही मध्ये!

माझ्या भाचीचं अगदी असंच झालं. ती राहते चाकणला. दाजी तिथल्याच एका कारखान्यात कामाला आहेत, तीन पाळ्यांमध्ये. भाचीला पहिल्यापासून रसायनशास्त्राचं वेड. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिनं बी.एस्सी.साठी तीन कॉलेजांत अर्ज भरले. एक पुण्यातलं, खूप नावाजलेलं. दुसरं आमच्या पिंपरी-चिंचवडमधलं. आणि तिसरं घरापासून अगदी जवळचं. तिन्ही एकाच विद्यापीठाची, आणि तिन्ही यादींत तिचं नाव लागलं! आता आनंद व्हायला हवा की नाही? पण तिनं मला फोन केला तो रडवेल्या आवाजात.

"मावशी, पुण्यातल्या कॉलेजची फी परवापर्यंत भरायचीय. पप्पा म्हणतात, एवढ्या लांब नको. जमत नसेल तर घरी बसून बाहेरून बी.ए. कर."

हे ऐकून मी दुसऱ्याच दिवशी चाकण गाठलं.

आधी हे विद्यापीठ म्हणजे काय ते बघू

दाजींचा पहिला प्रश्नच बिनतोड होता. "विद्यापीठ तेच, पुस्तकं तीच, सर्टिफिकेट तेच. मग मुलीनं रोज पुण्याला कशाला जायचं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागेल. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथं आपल्या देशातली तीन आधुनिक विद्यापीठं सुरू झाली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. गंमत म्हणजे ही विद्यापीठं सुरुवातीला शिकवत नसत! ती अभ्यासक्रम ठरवायची, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. शिकवायचं काम कॉलेजांचं. लोकमान्य टिळक १८७७ साली बी.ए. झाले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून, पण पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची. कारण तेव्हा पुण्याला स्वतःचं विद्यापीठच नव्हतं.

ते आलं १९४९ साली. बॅरिस्टर मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू. सुरुवातीला १२ जिल्ह्यांचा पसारा, पण कॉलेजं मात्र अवघी १८! पुढं १९६२ साली कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि पुण्याचे जिल्हे कमी होत गेले. आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे मुख्यतः उरले आहेत. कॉलेजं मात्र १८ वरून कितीतरी पट वाढली. २०१४ साली विद्यापीठाचं नाव झालं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ.

म्हणजे दाजींचं म्हणणं बरंचसं खरं आहे बरं का! संलग्न कॉलेज चाकणजवळचं असो की पुण्यातलं, अभ्यासक्रम ठरवणार विद्यापीठाचं अभ्यास मंडळ. पदवीवर सही-शिक्का विद्यापीठाचा. काही गुण कॉलेजच्या हातात असतात, ते अंतर्गत परीक्षेचे आणि प्रॅक्टिकलचे.

याला एक अपवाद आहे. काही कॉलेजांना 'स्वायत्त' दर्जा मिळालेला असतो. उदाहरणार्थ, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. अशी कॉलेजं अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. आणि कधी कधी एखादं कॉलेज विद्यापीठातून बाहेरच पडतं. १८५४ साली सुरू झालेलं पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज २०२२ पासून स्वतःच एक विद्यापीठ झालं आहे. तेव्हा शेजारच्या दादानं चार वर्षांपूर्वी दिलेली माहिती जशीच्या तशी खरी मानू नका.

मग फरक कशात?

हा खरा लाखमोलाचा प्रश्न. अभ्यासक्रम तोच असेल, तर वेगळं काय असतं? मी भाचीला म्हटलं, "यादी घरात बसून करू नको. चल, तिन्ही कॉलेजं बघून येऊ. आणि कामाच्या दिवशी जाऊ."

कामाचा दिवस का? कारण स्नेहसंमेलनाच्या दिवशी सगळीच कॉलेजं सुंदर दिसतात! साध्या बुधवारी, सकाळी अकरा वाजता, वर्गात मास्तर आहेत की नाहीत, हे बघायचं असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे तास तेव्हा सुरू झाले होते, त्यामुळं आम्हाला बघायलाही मिळालं.

पुण्याला पोचायला चाकणहून दोन तास लागले. तळेगाव चौकातली कोंडी तुमच्यापैकी चाकणकरांना मी काय सांगावी! नाशिक फाट्यापर्यंत बस, तिथून मेट्रोनं शिवाजीनगर, मग पायी. पण कॉलेज बघून भाचीचे डोळे मोठे झाले. दगडी इमारत, मोठमोठी झाडं. ग्रंथालयात शिरलो तर शंभरेक मुलं बसलेली आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. प्रयोगशाळा मोठी. तिसऱ्या वर्षाला हवे ते विषय. ऑफिसात मात्र एक नवी गोष्ट कळली. भाचीचं नाव लागलं होतं ते विनाअनुदानित तुकडीत.

हा शब्द नीट लक्षात ठेवा. अनुदानित तुकडीतल्या शिक्षकांचे पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. विनाअनुदानित तुकडीचा खर्च मुलांच्या फीमधून निघतो, म्हणून फी कितीतरी जास्त. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत, दोन्ही असू शकतात! नुसतं "त्या कॉलेजची फी किती?" असं विचारू नका. "मला जी तुकडी मिळतेय तिची फी किती?" असं विचारा.

दुपारी घराजवळच्या कॉलेजात गेलो. घरापासून पंचवीस मिनिटं. फी अगदी कमी. तिथले सर भाचीशी इतक्या आपुलकीनं बोलले की मलाच पुन्हा शिकावंसं वाटलं. मुलांना ते नावानं ओळखत होते. भाचीनं सहज विचारलं, "सर, तिसऱ्या वर्षाला केमिस्ट्री आहे ना?"

सर क्षणभर थांबले. म्हणाले, "नाही बाळ. आपल्याकडं दुसऱ्या वर्षापर्यंतच आहे. पुढं तुला कॉलेज बदलावं लागेल, किंवा दुसरा मुख्य विषय घ्यावा लागेल."

बघा मंडळी! हे कुठल्याही जाहिरातीच्या पहिल्या पानावर छापलेलं नसतं. 'बी.एस्सी. आहे' एवढंच लिहिलेलं असतं. पण तुमचा विषय शेवटच्या वर्षापर्यंत आहे का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४ पासून संलग्न कॉलेजांतही मुख्य विषय आणि जोडीचा विषय, म्हणजे मेजर-मायनर, अशी रचना आली आहे. कागदावर पर्याय पुष्कळ असतात. पण प्रत्यक्षात मिळतात ते त्या कॉलेजात जे शिक्षक आहेत त्यांचेच. त्या सरांनी खरं सांगितलं, याबद्दल मात्र मी त्यांचे आभार मानले.

ब्युरेट कुणाच्या हातात?

दुसऱ्या दिवशी पिंपरी-चिंचवडमधलं कॉलेज. खरं सांगू? पहिल्यांदा बघून भाचीचा चेहराच पडला. इमारत साधी, रंग उडालेला, कँटीन बंद. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नव्हती. (हेही बघायचं असतं, मुलींनो! दिवसाचे सहा तास तिथं काढायचे आहेत. लाजू नका, विचारा.) ग्रंथालय म्हणजे एक खोली आणि चार लांब टेबलं.

पण प्रयोगशाळेच्या दारात आम्ही थबकलो. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चाललं होतं. वीसेक मुलं. आणि प्रत्येकाच्या पुढं स्वतःचा ब्युरेट! एक मुलगी डोळा बारीक करून थेंब थेंब सोडत होती. रंग बदलला, तिनं झटकन तोटी बंद केली आणि वहीत आकडा लिहिला.

भाचीनं माझा हात दाबला. "मावशी, आमच्या ज्युनिअर कॉलेजात एका ब्युरेटला पाच जण होतो गं. मी दोन वर्षं नुसते आकडे उतरवून घेतलेत."

प्रॅक्टिकल संपल्यावर आम्ही त्या मुलीला गाठलं. तिनंही काही लपवलं नाही. "शिक्षक चांगले आहेत. पण सगळेच कायम नाहीत. दोन जण तासिका तत्त्वावर आहेत. मागच्या वर्षी एक मॅडम मध्येच सोडून गेल्या, तेव्हा दीड महिना तास बुडाले."

'तासिका तत्त्व' हाही शब्द लिहून ठेवा. असे शिक्षक जितके तास घेतील तितकेच पैसे त्यांना मिळतात. महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत कायम शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तिथं असे शिक्षक काम करतात. त्यातले कितीतरी जण मनापासून शिकवतात. पण कायमची नोकरी मिळाली की ते जाणार, हे उघड आहे. तेव्हा "तुमच्या विभागात कायम शिक्षक किती?" हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. आणि तो ऑफिसपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. खरं उत्तर तिथं मिळतं!

मग 'नॅक'ची श्रेणी कशासाठी असते? नॅक ही संस्था १९९४ साली सुरू झाली. ती कॉलेजांची तपासणी करून श्रेणी देत आली आहे. श्रेणी जरूर बघा, पण एक लक्षात असू द्या. ती सगळ्या कॉलेजला मिळून दिलेली असते. तुमच्या विषयाचा विभाग त्यात भक्कम आहे की कच्चा, ते त्या अक्षरांवरून कळत नाही.

तेहतीस दिवसांचा प्रवास

संध्याकाळी आम्ही वही घेऊन बसलो. दाजी रात्रपाळीला जायचे होते, तेही बसले. मी म्हटलं, "चला, हिशेब करू."

पुण्याला जायला दोन तास, यायला दोन तास. रोजचे चार. वर्षाला कॉलेजचे २०० दिवस धरले तर ८०० तास. भागिले २४. उत्तर आलं ३३ दिवस आणि वर थोडे तास. म्हणजे वर्षातला एक अख्खा महिना, दिवस आणि रात्र, नुसती बसमध्ये आणि मेट्रोत!

भाची गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "पण मावशी, नाव? उद्या नोकरीला गेल्यावर विचारतील ना, कुठल्या कॉलेजची?"

मित्रांनो, तिचा प्रश्न खोटा नव्हता. नावाला किंमत असते. आणि कॉलेजात नुसता अभ्यास नसतो, संगतही असते. टिळक आणि आगरकर एकमेकांना भेटले ते डेक्कन कॉलेजात. तिथल्या रात्र-रात्र चाललेल्या गप्पांतूनच शाळा काढायचा विचार पक्का झाला. मग १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज! हे कुठल्या अभ्यासक्रमात होतं? तेव्हा नावाजलेल्या कॉलेजात गोळा होणारी मुलं, तिथली नाटकं, वादस्पर्धा, मोठं ग्रंथालय यांचं आकर्षण वाटणं अगदी साहजिक आहे.

पण याची दुसरी बाजू सांगायला मी तिला थेट केंब्रिजला नेलं. गोष्टीतून हो!

केंब्रिज आणि ऑक्सफर्ड ही विद्यापीठंही अशीच कॉलेजांची बनलेली आहेत. प्रत्येकात तीसहून अधिक कॉलेजं. व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा विद्यापीठाच्या. कॉलेजात मुलं राहतात, जेवतात आणि दोघा-तिघांच्या गटात शिक्षकांपुढं बसून शंका सोडवतात. तिथली मुलंसुद्धा आपल्यासारखीच डोकं खाजवतात, कोणतं कॉलेज? ज्यांना ठरवता येत नाही त्यांना 'खुला अर्ज' भरायची सोय आहे, मग कॉलेज विद्यापीठच ठरवतं.

तर केंब्रिजमध्ये १८६९ साली एक वेगळी सोय झाली. ज्यांना कॉलेजचा खर्च झेपत नाही, अशा मुलांना कॉलेजात नाव न घालताच विद्यापीठात शिकता यावं म्हणून. त्यातूनच पुढं 'फिट्झविल्यम हाउस' झालं. ते अनेक वर्षं पुरतं कॉलेजही नव्हतं, तो दर्जा मिळाला १९६६ साली. पण त्याआधीच, १९५९ साली, गणिताच्या परीक्षेत साऱ्या केंब्रिजमध्ये पहिला आलेला, म्हणजे 'सीनिअर रँग्लर' झालेला विद्यार्थी याच फिट्झविल्यम हाउसचा होता. कोण माहीत आहे? आपले जयंत नारळीकर! त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही तिथलेच विद्यार्थी. पुढं जयंतरावांनी १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. २०२५ साली ते गेले, पण त्यांच्या विज्ञानकथा तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात नक्की सापडतील.

भाची हसली. "म्हणजे मी साध्या कॉलेजात गेले तर नारळीकर होणार?"

"तसं नाही गं बाई! एवढंच, की फाटक मोठं नसलं तरी आत गेलेल्यानं काय करायचं ते त्याच्या हातात असतं. मात्र आत ब्युरेट हवा."

दाजी काय म्हणाले?

दाजी इतका वेळ नुसते ऐकत होते. त्यांची काळजी काय, ते त्यांनी आता सांगितलं. "माझी दुसरी पाळी असली की मी रात्री बारापर्यंत कंपनीत. हिला अंधारात चौकातून आणणार कोण? म्हणून म्हणतो, बाहेरून कर."

भाची ताडकन म्हणाली, "पप्पा, बाहेरून केमिस्ट्री होत नाही. ब्युरेट घरात नसतो!"

एक मिनिट कुणीच काही बोललं नाही. मग दाजींनीच वही पुढं ओढली. पिंपरीचं प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं? चारला. बस किती वाजता? घरी किती वाजता? दिवसाउजेडी? त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली रेघ मारली. म्हणाले, "हे जमेल. पण ते ग्रंथालय लहान आहे म्हणतेस, त्याचं काय?"

दाजींनी हे विचारलं, तेव्हाच मला कळलं की भाची जिंकली! चिंचवडला माझं घर आहे. परीक्षेच्या दिवसांत तिनं माझ्याकडं राहायचं ठरलं.

आता पुढची गोष्ट

खोटं कशाला सांगू, सगळं काही छान छान झालं नाही. पहिल्या वर्षी एका विषयाचे तास खरोखरच बुडाले. पावसाळ्यात एकदा बस चौकात अडकली आणि अंतर्गत परीक्षेला ती वीस मिनिटं उशिरा पोचली. कधी कधी पुण्यातल्या त्या दगडी इमारतीची आठवण येते, असं ती म्हणते. पण ती आता तिसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय रसायनशास्त्र. आणि मुख्य म्हणजे घरात बसलेली नाही.

तिची एक मैत्रीण मात्र पुण्यातल्या त्याच नावाजलेल्या कॉलेजात गेली आणि मजेत शिकते आहे. कारण? तिची आत्या शिवाजीनगरला राहते. तिचा प्रवास पंधरा मिनिटांचा! म्हणजे कॉलेज तेच, एकीसाठी बरोबर, दुसरीसाठी अवघड. म्हणूनच "सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं?" या प्रश्नाला उत्तर नसतं. "माझ्यासाठी कोणतं?" याला असतं.

वहीत उतरवून घ्या!

* माझा मुख्य विषय शेवटच्या वर्षापर्यंत आहे का?
* मला मिळालेली तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? पूर्ण फी किती? 'महाडीबीटी'वरच्या कोणत्या शिष्यवृत्तीला मी पात्र आहे?
* प्रॅक्टिकलच्या एका गटात किती मुलं? साहित्य प्रत्येकाच्या हातात येतं का?
* विभागात कायम शिक्षक किती? तास नियमित होतात का?
* ग्रंथालय पुस्तक घरी देतं का? किती वाजेपर्यंत उघडं असतं?
* जायला-यायला किती वेळ? (सुट्टीच्या दिवशी मोजू नका!) शेवटचा तास किती वाजता सुटतो?
* कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना चालते का? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं ती आपल्या विद्यापीठात आहे.

दहावीवाल्यांसाठी

अकरावी-बारावी एखाद्या मोठ्या कॉलेजात केली, तरी ती दोन वर्षं विद्यापीठाची नसतात, राज्य मंडळाची असतात. अकरावीचे प्रवेश पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये बरीच वर्षं ऑनलाइन होत होते, २०२५ पासून साऱ्या राज्यात तसे होऊ लागले. तिथं पसंतीक्रम भरावे लागतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथंच प्रवेश घ्यावा लागतो. नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून बाहेर! म्हणून पहिला क्रमांक मैत्रिणीचं बघून भरू नका. इंजिनिअरिंगचे प्रवेशही राज्याच्या सीईटी कक्षामार्फत पसंतीक्रमानं होतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला मात्र साधारणपणे प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा आणि यादीही वेगळी. तारखा एकाच कागदावर लिहून दाराला चिकटवा.

तर मग, येत्या बुधवारी कुठं जाणार? पायात चप्पल घाला, वही घ्या, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला बरोबर न्या. शक्यतो ज्यांचा विरोध आहे, त्यांनाच!